पाचवा हेन्री पडद्यावर येतो तेव्हा

शेक्सपिअरच्या नाटकाचा सिनेमा करायला निघालं, की पहिली अडचण खुद्द शेक्सपिअरच उभी करतो. त्याच्या काळात प्रयोग भर दुपारी, उघड्या आकाशाखाली व्हायचे आणि देखावे जवळजवळ नसायचे. म्हणून रात्र पडली आहे हे पात्रालाच सांगावं लागे. शत्रूचं सैन्य किती मोठं आहे, समुद्र कसा खवळला आहे, कोणाचा चेहरा भीतीने पांढरा पडला आहे, हेसुद्धा. कॅमेरा या सगळ्या गोष्टी क्षणभरात दाखवतो. मग पात्रांनी बोलायचं कशाला? आणि त्यांचं बोलणंच काढून टाकलं, तर शेक्सपिअर म्हणून काय उरणार?

हा पेच अनेकांनी अनेक तऱ्हांनी सोडवला आहे. त्यांतली केनेथ ब्राना याची तऱ्हा मी इथे सावकाश उलगडून सांगणार आहे. १९८९ साली ‘हेन्री द फिफ्थ’ हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याआधी त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. तो नट होता. या चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक निर्णय नटाला पडणाऱ्या एका साध्या प्रश्नातून निघालेला आहे: हे वाक्य मी कोणाला उद्देशून बोलतो आहे, आणि त्याच्याकडून मला काय हवं आहे? पैसा कसा जमला, संहिता कुठे कापली, कॅमेरा किती जवळ नेला, या सगळ्याचं मूळ त्या प्रश्नात सापडतं.

ब्रानाचा जन्म १० डिसेंबर १९६० चा, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातला. घर कामगारवस्तीतलं, प्रॉटेस्टंट. वडील सुतारकाम आणि नळकाम करायचे आणि कामासाठी इंग्लंडला जाऊन-येऊन असायचे. ऑगस्ट १९६९ मध्ये शहरात दंगली उसळल्या आणि कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरांवर जमाव चालून आला. पुढच्याच वर्षी हे कुटुंब इंग्लंडमधल्या रेडिंग गावी राहायला गेलं. हा सगळा काळ त्याने पुढे ‘बेलफास्ट’ या चित्रपटात मांडला आणि त्याच्या पटकथेला २०२२ साली ऑस्कर मिळालं.

रेडिंगच्या शाळेत त्याचे आयरिश उच्चार ऐकून मुलं छळायची. त्याने शाळेपुरते इंग्रजी उच्चार उचलले आणि घरी आई-वडिलांशी तो बेलफास्टच्याच वळणाने बोलत राहिला. चरित्रात ही गोष्ट सहसा दुःखाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण आपण तोंड उघडतो तेव्हा आपण कुठले, कोणाच्या बाजूचे हे ऐकणारा ठरवत असतो, हे त्याला दहाव्या वर्षी कळलं. रंगभूमीचं शिक्षण सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिळालेलं हे शिक्षण होतं. ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये इंग्लिश, वेल्श, स्कॉटिश आणि आयरिश अधिकारी एकाच सैन्यात आपापल्या ढंगाने बोलतात, तेव्हा ती प्रत्येक बोली कानाला खरी लागते.

घरी नाटकाची परंपरा नव्हती. शाळेतलं नाटक, रेडिंगचं ‘प्रोग्रेस थिएटर’ हे हौशी नाट्यगृह, अशी सुरुवात झाली. किशोरवयात त्याने ऑक्सफर्डला डेरेक जेकोबीचा हॅम्लेट पाहिला आणि आपण हेच करायचं असं ठरवलं. पुढे लंडनच्या राडा या नाट्यशाळेत प्रवेश मिळाला. तिथे चेखॉव्हच्या ‘थ्री सिस्टर्स’मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरची भूमिका वाट्याला आली, तेव्हा या मुलाने चक्क थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिएला पत्र लिहून सल्ला मागितला. ऑलिव्हिएचं उत्तर आलं. सार एवढंच की, बिनधास्त करून बघ. १९८१ मध्ये तो राडाचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. पाठोपाठ वेस्ट एंडला ‘अनदर कंट्री’ या नाटकात भूमिका मिळाली आणि वर्षाचा उदयोन्मुख नट म्हणून पुरस्कारही.

१९८४ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने त्याला पाचव्या हेन्रीची भूमिका दिली. वय तेवीस. त्या कंपनीत ही भूमिका इतक्या लहान वयात कोणी केली नव्हती. दिग्दर्शक होते एड्रियन नोबल. दोनच वर्षांपूर्वी फॉकलंडचं युद्ध होऊन गेलं होतं, आणि नोबलच्या प्रयोगात युद्धाचा थाट नव्हता. रंगमंचावर पाऊस पडायचा, शिपाई भिजायचे. राजपदावर बसलेल्या माणसाचा एकटेपणा कसा असतो हे समजून घ्यायला ब्राना युवराज चार्ल्स यांना भेटून आला. हे सगळं त्याच्यापाशी साठून राहिलं.

पण त्या अवाढव्य संस्थेत त्याचा जीव रमला नाही. नटांना कोणी काही विचारत नाही, ही त्याची तक्रार होती. १९८६ मध्ये त्याने पडद्यावर कमावलेले स्वतःचे पैसे घालून हॅमरस्मिथला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ उभं केलं. १९८७ मध्ये डेव्हिड पार्फिट या नटमित्राबरोबर ‘रेनेसान्स थिएटर कंपनी’ काढली. कंपनीचं तत्त्व सोपं होतं: शेक्सपिअर नटांनीच बसवायचा. १९८८ मध्ये कंपनी तीन नाटकं घेऊन दौऱ्यावर निघाली. त्यांतलं ‘मच अडू अबाउट नथिंग’ जूडी डेंचने बसवलं होतं, ‘अ‍ॅज यू लाइक इट’ जेराल्डिन मॅक्यूअनने आणि ‘हॅम्लेट’ डेरेक जेकोबीने. डेंचने त्याआधी कधीच दिग्दर्शन केलं नव्हतं. आणि ज्याचा हॅम्लेट पाहून ब्राना नट झाला, तोच आता त्याचा हॅम्लेट बसवत होता. कंपनीच्या कचेरीला जागा हवी होती. त्या पैशांसाठी ब्रानाने अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंतचं आत्मचरित्र लिहून टाकलं. या वयात आत्मचरित्र म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला बरंच झोडपलं. मला मात्र त्यात कंपनी चालवणाऱ्या माणसाची निकड दिसते.

आता चित्रपटाकडे येऊ. पहिली पायरी पैशाची. इंग्रजी शेक्सपिअरपटांना त्या वेळी बाजारात पत नव्हती. रोमन पोलान्स्कीच्या ‘मॅकबेथ’ने १९७१ मध्ये पैसा बुडवला होता, आणि त्यानंतर मोठे स्टुडिओ त्या वाटेला फिरकत नव्हते. दिग्दर्शक नवखा, तोच नायक, शिवाय ज्या नाटकावर ऑलिव्हिएचा १९४४ चा गाजलेला चित्रपट आहे तेच नाटक. अशा वेळी स्टीफन इव्हान्स हा लंडनच्या शेअर बाजारातला दलाल पुढे आला. त्याने खाजगी गुंतवणूकदार गोळा केले, बीबीसीनेही वाटा उचलला. चित्रपट सात आठवड्यांत उरकण्याइतकेच पैसे जमले. १९८८ च्या ऑक्टोबरअखेर शेपर्टन स्टुडिओत चित्रीकरण सुरू झालं.

पैसा कमी असल्याने काय-काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. फ्रान्सला जाणं शक्य नव्हतं, म्हणून इंग्लंडचा पाचवा हेन्री जिथे फ्रेंचांशी लढतो ते अ‍ॅजिनकोर्टचं रणांगण स्टुडिओलगतच्या शेतात उभं राहिलं. हजारो घोडेस्वार परवडत नव्हते. ऑलिव्हिएने आयर्लंडच्या हिरव्या माळावर फ्रेंच घोडदळाची दौड दाखवली होती. ती आजही डोळ्यांचं पारणं फेडते. ब्रानाने कॅमेरा माणसांच्या मध्ये नेला. घोडदळ येताना दिसत नाही, ऐकू येतं, आणि आपल्याला दिसतात ते वाट बघणाऱ्या शिपायांचे चेहरे. मग चिखल, पाऊस, मंद गतीने आदळणारी शरीरं. दूरचं काही दिसूच नये अशी चौकट. पैशाची ओढाताण आणि कलेचा विचार इथे इतके एकजीव झाले आहेत, की कोणता निर्णय कशातून आला हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी पायरी संहितेची. नाटक तीन हजारांहून अधिक ओळींचं आहे. ते जसंच्या तसं केलं तर चित्रपट तीन तासांच्या पुढे जाईल. ब्रानाचा चित्रपट सव्वादोन तासांच्या थोडा वर आहे; म्हणजे मूळ संहितेतला बराच भाग गळला. काय गाळलं यावरून दिग्दर्शक ओळखावा. ऑलिव्हिएचा चित्रपट महायुद्ध चालू असताना निघाला होता, ब्रिटिश कमांडो आणि हवाई सैनिकांना अर्पण केलेला होता. त्याने राजाचे काळे कोपरे कापले: साउदॅम्प्टनला राजा आपल्याच तीन फितूर मित्रांना मृत्युदंड देतो तो प्रसंग, आणि आर्फ्लर शहराच्या वेशीवर उभं राहून तो लहान मुलांच्या आणि बायकांच्या हालांची जी धमकी देतो ती. ब्रानाने दोन्ही परत आणले. मात्र फ्रेंच कैद्यांची कत्तल करा, हा राजाचा हुकूम त्यानेही ठेवला नाही. हे मला खटकतं. इतक्या लांबवर त्या माणसाच्या मागे गेल्यावर तेवढीच एक पायरी का चुकवली?

पण त्याने नाटकात नसलेलंही काही घातलं, आणि ते फार मोलाचं आहे. तरुणपणी हा राजा दारूच्या गुत्त्यात फॉल्स्टाफच्या टोळक्यात रमायचा, ही गोष्ट शेक्सपिअरने आधीच्या ‘हेन्री द फोर्थ’ या नाटकात सांगितली आहे. ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये फॉल्स्टाफ येतच नाही; तो मेल्याची फक्त बातमी येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्रेक्षकाला आधीचं नाटक ठाऊक होतं. १९८९ च्या चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून ब्रानाने आधीच्या नाटकातली काही वाक्यं उचलून छोटी स्मृतिदृश्यं केली; त्यांत रॉबी कोल्ट्रेन फॉल्स्टाफ झाला आहे. पुढे त्याच टोळक्यातला बार्डॉल्फ चर्चमधली वस्तू चोरताना सापडतो. मूळ नाटकात त्याच्या फाशीची वार्ता येते आणि राजा दोन वाक्यांत ती मान्य करतो. चित्रपटात फाशी राजाच्या डोळ्यांसमोर होते. हुकूम त्याला द्यावाच लागतो, सैन्य पाहत असतं. गुत्त्यातला जुना हसरा बार्डॉल्फ क्षणभर दिसतो आणि मग राजाचा पावसात भिजलेला चेहरा. राजा जे दोन वाक्यांत बोलतो ते तेवढंच राहतं. पण ते बोलणं त्याला किती जड जातं, ते आता आपल्याला दिसतं. कॅमेरा आहे तर शब्द कशाला, या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं. शब्द जे लपवतात ते चेहरा उघडं करतो, आणि त्यासाठी शब्दही हवेत.

तिसरी पायरी आवाजाची, आणि नटाच्या दृष्टीने हीच सगळ्यांत अवघड. शेक्सपिअरची ओळ दहा अवयवांची, पाच आघातांची. तिला स्वतःची चाल असते. हजाराहून जास्त खुर्च्यांच्या नाट्यगृहात ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवताना नट आवाज ताणतो, स्वर लांबवतो. आपल्याकडे आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ नावाने हॅम्लेट मराठीत आणलं आणि गणपतराव जोशांनी ते रंगमंचावर गाजवलं, तेव्हाही ध्वनिक्षेपक नव्हता. सगळा भार नटाच्या छातीवर होता. ते वक्तृत्व कॅमेऱ्यासमोर जसंच्या तसं नेलं तर ओरडणं वाटतं. आणि लय सोडून रोजच्या बोलण्यासारखं बोललं, तर ओळीचा कणा मोडतो. ब्रानाचा मार्ग असा: लय सांभाळायची, आवाज मात्र समोरच्या माणसापुरताच ठेवायचा. चित्रपटाची कथा सुरू होते ती दोन धर्मगुरूंच्या कुजबुजीने. राजाला फ्रान्सच्या युद्धात गुंतवलं तर चर्चच्या मालमत्तेवर आलेलं कायद्याचं संकट टळेल, असा त्यांचा हिशेब आहे. ऑलिव्हिएने हाच भाग कागद सांडणाऱ्या गोंधळ्या पाद्र्यांच्या विनोदात काढला होता. ब्रानाकडे तो कारस्थान म्हणून येतो, कारण दोन माणसं दाराआड हळू बोलताना दिसली की प्रेक्षक आपोआप कान देतो.

राजाचा प्रवेशही असाच योजलेला आहे. उघडलेल्या दारात उजेडासमोर एक काळी, झगा पांघरलेली आकृती. दरबाऱ्यांचे वाकणारे चेहरे. मग सिंहासन आणि सगळ्यांत शेवटी एक कोवळा चेहरा. तो पहिलं वाक्य अगदी हळू बोलतो. आवाज चढवायची गरज नसलेला माणूस हाच राजा, हे एकही शब्द न सांगता कळतं. मग पुढे संत क्रिस्पिनच्या दिवसाचं, लढाईआधीचं ते प्रख्यात भाषण येतं, तेव्हा आवाज खरोखर मोठा होतो. कारण तो गाडीवर चढून उघड्या माळावर थकलेल्या शिपायांशी बोलत असतो. आवाज किती मोठा, हे प्रसंगाने ठरवलं आहे. ही गोष्ट वाचायला सोपी वाटते, पण कितीतरी शेक्सपिअरपट नेमके इथेच अडखळले आहेत.

दिग्दर्शक स्वतःच नायक असला की त्याचं काम कोण पाहणार? ब्रानाने राडाचे आपले जुने प्राचार्य ह्यू क्रटवेल यांना सेटवर बोलावून घेतलं. ते कॅमेऱ्यामागे उभं राहून त्याचा अभिनय पाहायचे आणि खोटा सूर लागला की सांगायचे. ज्याच्यापुढे थापा चालणार नाहीत असा माणूस त्याने मुद्दाम शेजारी ठेवला. रेनेसान्समधले रिचर्ड ब्रायर्स, जूडी डेंच, जेराल्डिन मॅक्यूअन, जेकोबी हे सगळे इथेही होते. जोडीला पॉल स्कोफील्ड, इयन होम, ब्रायन ब्लेस्ड, एमा थॉम्सन. सिनेमा तुकड्यातुकड्यांत, मागचं पुढे करून चित्रित होतो. एकमेकांच्या बोलण्याचा अदमास आधीच असलेली मंडळी असली, की तुकडे जोडल्यावर ओळींची लय तुटत नाही. सात आठवड्यांत हे काम झालं ते यामुळे.

नाटकात कोरस नावाचा निवेदक आहे. तो सुरुवातीलाच प्रेक्षकांची माफी मागतो, की या लाकडी मांडवात एवढं मोठं रणांगण कसं मावणार. सिनेमात ही माफी निरर्थक ठरायला हवी. ब्रानाने जेकोबीला आजच्या काळातला ओव्हरकोट घालून रिकाम्या स्टुडिओत उभं केलं. अंधारात तो काडी पेटवतो, मागे दिवे, सामान, अर्धवट उभे केलेले देखावे दिसतात, आणि तो मोठी दारं ढकलून आपल्याला गोष्टीत नेतो. म्हणजे सिनेमासुद्धा मांडवच आहे, इथेही तुमच्या कल्पनेशिवाय भागणार नाही, हे त्याने कबूल करून टाकलं. मला चित्रपटातली ही सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

संगीत पॅट्रिक डॉयलचं. रेनेसान्समध्ये नट आणि संगीतकार म्हणून आलेल्या या माणसाचा हा पहिलाच चित्रपट. लढाई संपल्यावर ‘नॉन नोबिस’ हे स्तोत्र गा, असा हुकूम शेक्सपिअरच्या राजानेच दिलेला आहे. त्या एका वाक्यावर ब्रानाने सुमारे चार मिनिटांचं सलग दृश्य उभं केलं. एक शिपाई एकट्याने गाऊ लागतो; तो शिपाई म्हणजे खुद्द डॉयल. राजा मेलेल्या पोऱ्याला खांद्यावर घेऊन रणांगण ओलांडतो. तो पोऱ्या म्हणजे लहानगा ख्रिश्चन बेल. कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकत राहतो, वाटेत प्रेतं, लुटारू, आक्रोश करणाऱ्या बायका. आवाजात आवाज मिळत जातात आणि सायमन रॅटलच्या हाताखालचा बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद त्यात भरून येतो. विजयाचं स्तोत्र आणि पराभवासारखं दिसणारं चित्र एकाच वेळी चालतात. चार मिनिटं राजा एक शब्दही बोलत नाही.

चित्रपटाच्या वेशभूषेसाठी फिलिस डाल्टन यांना ऑस्कर मिळालं. ब्रानाला अभिनय आणि दिग्दर्शन अशी दोन नामांकनं. पुढची वाट उघडली. १९९३ मध्ये इटलीतल्या तोस्कानाच्या उन्हात केलेला ‘मच अडू अबाउट नथिंग’ चांगला चालला, आणि त्या बळावर १९९६ मध्ये त्याने ‘हॅम्लेट’ एकही ओळ न कापता केला. चार तासांचा, पासष्ट मिलिमीटर फिल्मवर, ब्लेनमच्या राजवाड्यासमोर बर्फ पसरून. आरशांच्या दालनात हॅम्लेट जगावं की मरावं हे स्वतःच्या प्रतिबिंबाला विचारतो, आणि आरशाच्या पलीकडून क्लॉडियस पाहत असतो. जेकोबीच क्लॉडियस झाला होता. संहिता न कापण्याचा हट्ट गल्ल्यावर भारी पडला. सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलर खर्चून पन्नास लाखही आले नाहीत. तरी मला तो हट्ट प्यारा आहे. पूर्ण हॅम्लेट पाहिला की पोलोनियस, फोर्टिनब्रास ही माणसं आपापल्या आयुष्यासकट उभी राहतात, आणि डेन्मार्क एका घराचं भांडण न राहता राज्य होतं.

२००० साली ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ त्याने १९३०च्या दशकातल्या गाण्यानाचांसह केला आणि तो सपशेल पडला. त्याच्याबरोबर एकाच करारात ठरलेला ‘मॅकबेथ’ चित्रपट मग निघालाच नाही. २०१३ साली ब्रानाने ते नाटक मँचेस्टरमधल्या एका जुन्या, उपासना बंद झालेल्या चर्चमध्ये केलं: मधोमध मातीची पट्टी, वरून पाऊस, प्रेक्षक दोन्ही बाजूंना. आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याचा एक प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला.